जुन्या गाडीच्या तडकलेल्या स्टिअरिंग व्हीलची दुरुस्ती कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : १९५० च्या दशकातील गाडीच्या हस्तिदंती रंगाच्या स्टिअरिंग व्हीलला सात ठिकाणी तडे गेले आहेत, आऱ्यांपाशी दोन ठिकाणी प्लॅस्टिकचा तुकडाच निघून आतली गंजलेली सळई दिसू लागली आहे, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दोनदा तडे बुजवूनही काही महिन्यांत ते त्याच जागी पुन्हा उघडले, आणि आता चांगली लांबी (म्हणजे भेगा बुजवायची पुटी) भरावी की सरळ चामडे चढवून मोकळे व्हावे, हे तुम्हाला ठरवायचे आहे. शेवटी तुम्ही लाकडी चाकाबद्दलही एक ओळ विचारली आहे. अशी चाके मी हौस म्हणून दुरुस्त करत आलो आहे आणि सुरुवातीची दोन-तीन माझ्याच हातून बिघडली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पुढे मी नुसते ‘चाक’ म्हटले तर ते स्टिअरिंगचेच समजावे.

तुमचे चाक घरच्या घरी सुधारू शकते. मात्र लांबी कोणती, हा त्यातला तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न चाक कशाचे बनले आहे हा आणि दुसरा तड्याच्या तळाशी काय चालले आहे हा. तुमच्या गोंदाने तड्याचे तोंड तेवढे मिटले आणि आतला गंज तसाच राहिला, म्हणून तो गोंद टिकला नाही.

त्या काळातील बहुतेक चाकांची रचना सारखी असते. मध्ये दांड्यावर बसणारा तुंबा, त्यातून निघालेले दोन किंवा तीन आरे, त्यांना जोडलेली पोलादी सळईची गोल कडी आणि या सांगाड्यावर साच्यात बसवलेले प्लॅस्टिक. पोलाद आणि प्लॅस्टिक यांचा संसार मुळातच जुळणारा नाही. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की एक मीटर पोलाद साधारण १२ मायक्रोमीटरने लांबते. सेल्युलोज ॲसिटेट जातीचे प्लॅस्टिक त्याच्या निदान सात-आठपट लांबते. चाकाचा व्यास ४३ सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे १.३५ मीटर भरतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ते ४० अंशांनी तापले की पोलादी कडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक लांबते, तर प्लॅस्टिक मोकळे असते तर पाच मिलिमीटरच्या आसपास लांबले असते. ते मोकळे नसते, सळईला धरून असते, म्हणून हा सगळा फरक ताण होऊन त्याच्या अंगात साठतो. नवेपणी प्लॅस्टिक लवचीक असल्यामुळे ते हे सोसते. पण त्यातले मऊपणा देणारे द्रव्य वर्षानुवर्षे उडून जाते, प्लॅस्टिक कायमचे आक्रसते, ठिसूळ होते आणि एखाद्या थंड रात्री सळईभोवती आवळत आवळत शेवटी तडकते. तडा आऱ्यापाशीच आधी का जातो, याचे कारणही यातच आहे, कारण इतरत्र प्लॅस्टिकला सळईवरून किंचित सरकायला वाव असतो आणि आऱ्यापाशी ते पुरते जखडलेले असते. एकदा तडा गेला की त्यातून हाताचा घाम आणि हवेतला ओलावा आत उतरतो, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापत असल्यामुळे आतून पाचर ठोकल्यासारखा तो तडा रुंदावत नेतो.

आता चाक कशाचे आहे ते. विकणारे आणि हौशी मंडळी प्रत्येक जुन्या चाकाला बिनदिक्कत बॅकेलाइट म्हणतात. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले खरे बॅकेलाइट कडक आणि ठिसूळ असते. ते इंजिनातल्या ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत किंवा एखाद्या बटणात आढळते, हाताच्या जोराने सतत थोडीथोडी वाकणाऱ्या कडीवर सहसा आढळत नाही. अगदी सुरुवातीच्या मोटारींना चाकच नव्हते, होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. १८९४ च्या पॅरिस ते रुआँ स्पर्धेत आल्फ्रेड वाशरों यांच्या पानार गाडीला चाक होते. पुढे बराच काळ कड्या लाकडाच्या होत्या, मग कठीण रबराच्या म्हणजे एबोनाइटच्या आल्या, १९३० च्या दशकापासून सेल्युलोजची प्लॅस्टिके रूढ झाली, आणि मऊ, फेसाळ प्लॅस्टिकची चाके त्यानंतरची. तुमच्या गाडीचे वय आणि चाकाचा फिका रंग पाहता ते सेल्युलोज जातीचे असण्याचा संभव अधिक आहे, कारण एबोनाइट मुळात काळे असते व उन्हाने तपकिरी-हिरवट पडते, आणि घासले की गंधकाचा वास देते.

खात्री करून घ्यायला नाक आणि कापसाचा बोळा पुरतो. तुंब्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला ॲसिटोनमध्ये बुडवलेला बोळा क्षणभर टेकवून पाहावा. सेल्युलोज असेल तर जागा चिकट होते, एबोनाइट जसेच्या तसे राहते. यावरून एक सावधगिरीही निघते, ती म्हणजे सेल्युलोजचे चाक ॲसिटोनने किंवा थिनरने कधीही पुसू नये. साबणाचे पाणी आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात एवढे पुरे होते. घासल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड असते आणि ते भयंकर पेट घेते, म्हणून तापवलेली सुई टोचून पाहण्याचा जो सल्ला काही जण देतात तो कृपया मानू नये. आणि चाकाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर प्लॅस्टिक स्वतःच विघटित होऊन ॲसिटिक आम्ल सोडत असते व ते आम्ल आतली सळई खात असते. हा वास एका जागी नव्हे, तर सगळ्या कडीला येत असेल, तर तडे भरण्यात अर्थ नाही. तेव्हा सगळे प्लॅस्टिक उतरवून सांगाड्यावर नवे ओतून घेणे हाच मार्ग राहतो आणि ते काम साचे असलेल्या कारागिराचे आहे. शिंपल्यासारखी झाक किंवा लाटा असलेल्या चाकांचेही तसेच, कारण त्यांवर रंग मारला की त्यांचे सौंदर्यच झाकले जाते.

चाक गाडीवर ठेवून हे काम करता येत नाही, ते उतरवावे लागते. बॅटरीची तार सोडावी, पुढची चाके सरळ करावीत, हॉर्नचे बटण काढून त्याखालची स्प्रिंग आणि वायसर कोणत्या क्रमाने आहेत याचे छायाचित्र घ्यावे, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर व तुंब्यावर समोरासमोर एकेक ठिपका पंचाने (टोकदार पोलादी खिळ्याने) उठवून ठेवावा. मग नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. तीन-चार आट्यांवर तो राहू द्यावा आणि पुलरने (स्क्रू फिरवून ओढणाऱ्या अवजाराने) चाक ओढावे. मी पहिल्या खेपेला नट काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी चाक हलवत ओढत राहिलो. ते सुटले तेव्हा एकदम सुटले आणि आठवडाभर माझी हनुवटी सुजलेली होती. दांड्याच्या टोकावर हातोडा मारणे तर त्याहून वाईट, कारण तो घाव थेट स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर जातो, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या, अपघातात मिटणाऱ्या दांड्यांची तर रचनाच त्याने बिघडते.

चाक बाकावर आले की आधी नखाने किंवा लाकडी काडीने सगळ्या कडीवर टिचक्या मारत फिरावे. जिथे प्लॅस्टिक सळईला घट्ट आहे तिथे आवाज भरीव येतो, जिथे सुटले आहे तिथे पोकळ येतो. अशा जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात. याच वेळी धातूही नीट पाहून घ्यावा. आरा जिथे तुंब्याला किंवा कडीला जोडला आहे तिथे धातूलाच चीर असेल, तुंब्याच्या आतले दाते झिजलेले असतील किंवा ॲल्युमिनियमचा आरा वाकून सरळ केल्याच्या खुणा असतील, तर ते चाक भिंतीवर टांगावे. गाडी ज्याने वळते त्या वस्तूवर प्रयोग करायचे नसतात.

यानंतरचे काम बघणाऱ्याला क्रूर वाटते. प्रत्येक तडा आधी मोठा करायचा असतो. बारीक दात्यांच्या करवतीच्या पात्याने तड्याच्या रेषेत खाच पाडावी आणि त्रिकोणी कानशीने ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात रुंद करत थेट सळईपर्यंत न्यावी. वरच्या तोंडाशी ती पाच-सहा मिलिमीटर तरी रुंद हवी. छोटे फिरते यंत्र वापरायचे तर वेग अगदी कमी ठेवावा, नाहीतर प्लॅस्टिक कापले न जाता वितळते. एका चाकावरचा केसाएवढा तडा उघडताना मला पहिल्यांदा या कामाचे मर्म कळले. कानशीखाली आधी हस्तिदंती भुकटी पडत होती, मग ती पिवळट झाली, आणि पुढच्या दोन घासांत एकदम तपकिरी झाली. खाचेत बोट फिरवले तर ते गंजाने माखले. बाहेरून केसाएवढ्या दिसणाऱ्या त्या तड्याखाली गंजाचा थर दोन्ही बाजूंना बोटभर पसरलेला होता. तेव्हापासून भुकटीचा रंग हीच माझी खूण आहे : ती तपकिरी झाली की तळ सापडला, आणि धातू लख्ख दिसेपर्यंत दोन्ही बाजूंचे सुटलेले प्लॅस्टिक काढत जायचे. तुमच्या सात तड्यांपैकी दोन-तीन असे निघाले तर घाबरू नका. भुकटी फुंकू नये, तोंडावर मास्क असावा आणि जिथे जमेल तिथे ओलेच घासावे; सेल्युलॉइडची सुकी भुकटी तर ठिणगीचीच वाट पाहत असते.

उघड्या पडलेल्या सळईवर तारेच्या छोट्या ब्रशने गंज काढून फॉस्फोरिक आम्लाचा गंजनाशक लावावा, तो सांगितल्याप्रमाणे धुऊन काढावा आणि चाक पूर्ण कोरडे होऊ द्यावे. हा कोरडेपणा घाईत हुकतो. आत राहिलेला पाण्याचा एक थेंब लांबीखाली पुन्हा गंज धरतो, म्हणून मी चाक पंख्यासमोर रात्रभर ठेवतो. खाचेच्या दोन्ही भिंती ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत कराव्यात आणि तुकडा निघालेल्या मोठ्या जागी भिंतींत दीड मिलिमीटरची दोन-चार आडवी-तिरकी भोके पाडावीत, म्हणजे लांबीला आत मुळे धरायला जागा मिळते.

आता लांबी. गाडीच्या पत्र्यावर वापरतात ती पॉलिएस्टरची लांबी येथे चालत नाही. ती चटकन घासली जाते म्हणून मोह होतो, पण कडेला पातळ झाली की तिचे कण सुटतात आणि वाकणाऱ्या वस्तूवर तिची पकड टिकत नाही. झटपट गोंदाचा थर काचेसारखा ठिसूळ बनतो, त्याचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. दोन भागांची (राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य), सावकाश घट्ट होणारी, दाट इपॉक्सीच वापरावी. पाच मिनिटांत सुकणारी नको, कारण ती तुलनेने कमजोर असते आणि खाचेच्या तळापर्यंत नीट दाबायच्या आतच हातात घट्ट होते. दोन भाग नजरेने घेण्यापेक्षा बारीक काट्यावर मोजून घ्यावेत आणि काचेच्या तुकड्यावर पट्टीने निदान तीन मिनिटे मळावेत. आधी अगदी थोडे मिश्रण घेऊन ते सळईवर आणि भिंतींवर जोराने चोळावे, त्याने सगळा पृष्ठभाग ओला झाल्यावरच खाच भरावी, आणि ती आसपासच्या पातळीपेक्षा मिलिमीटरभर उंच ठेवावी. पोकळ आवाजाच्या ज्या जागा अजून शाबूत आहेत त्यांत बारीक भोक पाडून सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडता येते. २४ तास त्याला हात लावू नये.

कडीच्या मागे बोटांसाठी जे उंचवटे असतात, त्यांतला एखादा तुकडा तुटला असेल तर कानशीने नवा कोरत बसू नये. शाबूत उंचवट्यांवर दोन भागांची सिलिकॉन पुटी दाबून तिचा ठसा घ्यावा, तो सुकल्यावर तुटक्या जागेवर भरलेल्या ओल्या इपॉक्सीवर बसवून टेपने बांधावा. सिलिकॉन इपॉक्सीला चिकटत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी ठसा सहज निघतो आणि उंचवटे मूळ आकारात उठलेले असतात. हे पहिल्यांदा जमते तेव्हा फार आनंद होतो.

घासाईला आकारापासून सुरुवात करावी : आधी अर्धगोल कानस, मग ८०, १५०, २२० आणि शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, तोही बोटाने नव्हे तर रबराच्या नळीच्या तुकड्याभोवती गुंडाळून, नाहीतर लांबी आणि प्लॅस्टिक यांच्या कठीणपणातल्या फरकामुळे प्लॅस्टिक जास्त झिजते आणि प्रत्येक दुरुस्तीची जागा गाठीसारखी वर राहते. तपासणी डोळे मिटून करावी. चाक दोन्ही हातांत धरून फिरवत नेले की डोळ्यांना न दिसलेली गाठ तळव्याला लगेच कळते, आणि पुढे गाडी चालवतानाही ती तळव्यालाच कळणार आहे.

यानंतर मी एक गोष्ट करतो, जी बहुतेक जण टाळतात. रंगाच्या आधी चाक दोन आठवडे तसेच ठेवतो. त्यात काही दिवस दुपारी तापेल अशा जागी आणि रात्री थंड होईल अशा जागी. मूळ प्लॅस्टिकमधला ताण दुरुस्तीच्या जागी अडला की शेजारची कमजोर जागा तोंड उघडते, आणि हा नवा तडा रंगावर दिसण्यापेक्षा प्रायमरआधी दिसलेला बरा. दर तीन-चार चाकांमागे एकावर तरी मला असा तडा सापडलेला आहे.

रंगाचे काम पत्र्यासारखेच असल्याने त्यावर फार लिहीत नाही. आधी इपॉक्सी प्रायमरचा एक हात द्यावा, म्हणजे पुढच्या थरांतले थिनर सेल्युलोजपर्यंत पोचत नाही. मग जाड बसणाऱ्या प्रायमरचे दोन-तीन हात, त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा आणि ४०० ते ६०० नंबरने ओली घासाई, ज्यात उरलेले काळे ठिपके खड्डे दाखवतात. वरचा रंग दोन भागांचा पॉलियुरेथेन असावा, कारण घाम आणि नखे यांना तोच पुरून उरतो. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट श्वसनसंस्थेचे कायमचे नुकसान करू शकतात आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर एवढे काम रंगाऱ्याकडून करून घ्यावे. मूळ रंगाचा नमुना कडीवरून घेऊ नये, ती उन्हाने पिवळी पडलेली असते; हॉर्नच्या बटणाखाली किंवा तुंब्याच्या मागे जिथे प्रकाश पोचलेला नाही, तिथला घ्यावा.

चामड्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ज्या चाकावर कारखान्यातच चामडे होते त्यावरच ते चढवावे. तड्यांवर चामडे चढवले की तडे दिसेनासे होतात, पण घामाचा ओलावा चामड्याखाली कोंडून सळई आधीपेक्षा वेगाने गंजते, आणि प्लॅस्टिकचे तुकडे हलू लागल्याचे तुम्हाला कळतही नाही. शिवाय मूळची बारीक कडी हातात जाड वाटू लागते. तरीही चढवायचेच असेल तर आधी वरची सगळी दुरुस्ती करावी, एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे, ते किंचित तोकडे कापून ओले करून ताणावे, आणि शिवण कडीच्या आतल्या बाजूला येईल अशा बेताने दोन सुयांनी मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावे.

लाकडी चाकाचे दुखणे निराळे असते. त्याची कडी अनेक तुकडे एकमेकांत बोटांसारखे गुंतवून जोडलेली असते आणि उन्हापाण्याने लाकूड सहसा सडत नाही, जोडांतला सरस किंवा गोंद सुटतो. जोड उघडला असेल तर पातळ पात्याने जुना गोंद खरवडून काढावा, कारण नवा गोंद जुन्यावर धरत नाही. मग इपॉक्सी भरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कडी घट्ट आवळावी, क्लॅम्पपेक्षा त्या गोल वस्तूवर चांगला दाब देतात. रिव्हेटभोवती पडलेले काळे डाग लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांचे असतात. ते घासून जात नाहीत, ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने जातात आणि ते विषारी असल्यामुळे हातमोजे घालावे लागतात. नार्डी या इटालियन कंपनीच्या धर्तीच्या महोगनी कडीत ॲल्युमिनियम दोन लाकडांच्या मधोमध चमकते. तिथे लाकूड आणि धातू एकत्र घासले तर धातूची काळी भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते, म्हणून आधी लाकडावर वॉर्निशचा एक हात देऊन छिद्रे बंद करावीत. शेलॅक पॉलिश दिसायला सुरेख असले तरी ऊन आणि घाम यांपुढे ते चिकट होते.

चाक परत बसवताना पंचाचे ठिपके जुळवावेत, इंडिकेटर आपोआप बंद करणारी खुंटी तिच्या खाचेत गेल्याची खात्री करावी, हॉर्नची तार रंगलेल्या धातूवर नव्हे तर उघड्या धातूवर टेकते आहे ना ते पाहावे, आणि नट गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावा. मग बॅटरी जोडून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवावे. त्या फेरीत हॉर्न स्वतःहून वाजला तर तार कुठेतरी घासते आहे आणि बटण पुन्हा उघडावे लागेल.